मुदतवाढवाले अण्णा

कोल्हापुरात प्रत्येक पेठेत एक अण्णा असतातच. मँचेस्टर युनायटेडचा नवा मॅनेजर हरायला लागला की त्यांना कंठ फुटतो. "वेळ द्या त्याला!"

पुरावा ठरलेला. "फर्ग्युसन आला १९८६ला. पहिला कप कधी? १९९०ला! ८९च्या डिसेंबरात लोक फलक घेऊन 'जा बाबा आता' म्हणत होते. काढला असता तर तेरा लीग कुणी जिंकल्या असत्या, तुझ्या काकानं?" फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसचं नाव काढलं की अण्णा हळवे होतात. सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत नारळ! क्लबला साडेसाती लागली ती तिथूनच, असं त्यांचं पक्कं मत.

अमोरिम मॅनेजर असताना त्यांनी कमाल केली. पहिल्या हंगामात संघ पंधरावा आला. अण्णांनी मिसळीच्या टेबलावर ब्रेडचे तुकडे मांडून तीन-चार-तीनची रचना समजावली. ओघात मधल्या फळीतले दोघं कटात बुडवून खाल्ले आणि म्हणाले, "बघ, मधे माणूसच न्हाई. मॅनेजर काय करणार?" पुढं ऑगस्ट २०२५मध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीनं पेनल्टीवर १२-११ हरवलं. अण्णा शांत. "अकरा गोल मारले की आपण!"

एका कॉलेजच्या पोरानं अडवलं. "अण्णा, फर्ग्युसन एकच झाला. वेळ मिळूनही बुडालेले कितीतरी असतील, त्यांची नावं कोण सांगतं?"

"आर्सेनलचा आर्टेटा घे. दोन हंगाम आठव्या नंबरावर. नंतर बघ, लागोपाठ दुसरा!"

"पण त्यानं पहिल्याच हंगामात एफए कप आणला होता. संघ कुठं निघालाय ते कळत होतं. इथं काय दिसतंय?"

"ते दिसायलाच वेळ लागतो!"

या युक्तिवादापुढं वकीलही हात टेकतील. जिंकला तर वेळ दिल्याचं फळ, हरला तर वेळ कमी पडला. मालक कोट्यवधींची भरपाई देऊन मॅनेजर घालवतात, त्यांनाही इतकी खात्री नसते.

आता हेच अण्णा शाहू स्टेडियमवर बघावेत. तालमीच्या संघाला नवा कोच आलाय, मोसमातली पहिलीच मॅच. बाराव्या मिनिटाला गोल बसला. अण्णा पायरीवर उभे, टोपी हातात, शिरा ताणलेल्या. "काढा त्याला! आत्ता काढा! हाफटाइमपर्यंत कशाला ठेवताय?"

पोरगं शेजारीच होतं. "अण्णा, वेळ द्यायचा न्हाई व्हय?"

"गप रे! मँचेस्टर हरलं तर तिथली माणसं तोंड लपवतील. इथं हरलो तर सांजच्याला गंगावेशीत दूध प्यायला मला जायचंय, त्या कोचला न्हवं!"