का रडायलास बे?

वर्गात एखादं पोर रडायला लागलं की त्याच्याआधी बाकीच्यांचा आवाज चढतो. ‘बाई, हा रडायलाय!’ ही बातमी पहिल्या बाकावरून सुटते तेव्हा रडावं की नाही हे त्याचं अजून नक्की ठरलेलं नसतं. मग घोळका. ‘काय झालं बे? का रडायलास बे?’ सोलापुरात ही चौकशी मायेनंच होते. पण अख्ख्या वर्गाची माया एकदम अंगावर आली तर मोठा माणूसही हुंदके देईल. कडेला एक जण असतोच, ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं. ‘मी काय केलो नाही बाई!’ बहुधा त्यानंच केलेलं असतं.

मोठ्यांचा उपाय ठरलेला : ‘सॉरी म्हण.’ तो खिडकीबाहेर बघत म्हणतो. ‘नीट म्हण.’ मग तो इतकं नीट म्हणतो की वर्ग हसतो आणि पोर नव्यानं रडायला लागतं. बाईंच्या दृष्टीनं प्रकरण मिटलेलं असतं.

दुसऱ्याचं दुःख जाणणारी माणसं सोलापूरला बाहेरून आणावी लागत नाहीत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म 10 ऑक्टोबर 1910. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. जखमी सैनिकांवर उपचार करत तिथेच राहिले आणि 1942 मध्ये, 32 वर्षांचे असताना, तिथेच वारले. त्यांच्यावर शाळेत भाषणं होतात. अशाच एका स्पर्धेत चौथीतला मुलगा ‘आणि ते चीनला गेले’ इथं अडकला. पुन्हा म्हणाला, ‘आणि ते चीनला गेले.’ तिसऱ्यांदा गेले तेव्हा मागून आवाज आला, ‘आता परत आण की बे त्यांना!’ सगळे खो खो हसले. वाक्य झकास होतं, हे मान्य करायलाच हवं. मुलगा मात्र खाली येऊन बाकावर डोकं टेकून बसला.

परीक्षकांनी माइक हातात घेतला. हसू नये, चुका सगळ्यांकडून होतात, वगैरे. सगळं खरं, पण ज्यांनी त्याचं रडणं पाहिलं नव्हतं त्यांनीही आता माना वळवल्या.

हरलेल्यांना सोबत घेण्याचा एक वेगळा प्रकार याच जिल्ह्यात घडलाय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले. बक्षीस 10 लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांत वाटून टाकली. भाषणापेक्षा हे बरं.

चौथीच्या वर्गात डॉलर नसतात, शेंगाचटणी असते. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारच्या मुलीनं काही न विचारता डबा मध्ये सरकवला. कडक भाकरीचा तुकडा, वर तेल सुटलेली चटणी. त्यानं घास घेतला, तोवर घोळका हजर. ‘अजून रडायलास बे?’

‘चटणी तिखट आहे,’ तीच म्हणाली.

घोळक्याचं सगळं लक्ष डब्याकडे गेलं. हात पुढं आले. चटणी संपली तसे सगळे पांगले.

‘चीनला गेले, मग काय केले ते?’ तिनं विचारलं. भरल्या तोंडानं त्यानं भाषण सुरू केलं ते थांबेचना. लढाई झाली, दवाखाना झाला.

‘पुरे की आता,’ ती म्हणाली, ‘घंटा झाली.’