चढावर हात करू नये

वेल्ह्याच्या रस्त्याला एसटीचे थांबे आहेत, तसे अण्णांच्या जीपचेही आहेत. फरक इतकाच, की अण्णांचे सगळे थांबे सपाटीवर. चेलाडी फाट्यावरून मार्गासनीमार्गे वेल्ह्याला जाताना चढावर कुणीही हात केला, तरी जीप थांबत नाही. माणूस ओळखीचा असो, भावकीतला असो, डोक्यावर तांदळाचं पोतं असो, अण्णा काचेआडून फक्त बोट पुढं करतात. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे : वर सपाटीला ये. एकदा हेच बोट त्यांच्या सासूबाईंना दाखवलं गेलं. त्या धापा टाकत वर आल्या, गाडीत बसल्या आणि वेल्हं येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. तसा सुखाचा प्रवास पुन्हा झाला नाही, असं अण्णा अजून सांगतात.

हे सगळं कशासाठी, तर क्लच प्लेटसाठी. वडाप बंद करून बरीच वर्षं झाली, पण जीप विकली नाही आणि व्रतही सोडलं नाही. २०२४ साली मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. अण्णांच्या थांब्यांत मात्र काडीचा बदल नाही.

गाडीत नवा माणूस बसला, की शिकवणी सुरू. "इंजिन फिरतंय आन् चाकं उभी. दोघांची गाठ घालायला मधी कुणीतरी पायजे का न्हाय?" मग तळहातावर तळहात ठेवून प्रात्यक्षिक. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली ती क्लच प्लेट. तिला स्प्रिंगच्या जोरावर फ्लायव्हीलशी दाबून धरते ती प्रेशर प्लेट. पेडलवर पाय नसतो तेव्हा तिन्ही एकदम फिरतात. पेडल दाबलं, की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला रेटतं, दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि गिअर पडतो. "पुरती धरली तर झिजत न्हाय, पुरती सोडली तर झिजत न्हाय. अर्ध्यात घासली की मेली!" मग पुरतं दाबून निवांत बसलं तर चालेल का, असं कुणी विचारलंच, तर अण्णा तेही दार लावून घेतात : "तवा बेअरिंग मरतं."

म्हणून त्यांचे नियम. गिअर टाकताना पेडल तळापर्यंत दाबायचं आणि काम झालं की पाय खाली फरशीवर, पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. गाडी उचलायची ती पहिल्यातच, दुसऱ्यात नाही. थांबायचं तर न्यूट्रल. दुसरा कुणी चालवत असला, की अण्णांची नजर रस्त्यावर नसते, त्याच्या डाव्या गुडघ्यावर असते. त्यामुळे जावयानं त्यांना गाडीत घेणंच सोडलंय.

रविवार त्यांच्या धर्मप्रचाराचा. तोरण्याला निघालेल्या पुणेकरांची पाबे घाटात रांग लागते आणि निम्मी मंडळी हाफ क्लचवर गाडी चढाला तोलून धरतात. जळका वास आला, की अण्णा जीपमधून उतरून काचेवर टकटक करतात.

"सायेब, काय जळतंय म्हाईतीय का?"

"बाहेर कुणी कचरा पेटवलाय वाटतं."

"कचरा न्हवं. तुमचं पैसं."

मग भर घाटात शिकवणी. हॅन्डब्रेक ओढा. न्यूट्रल करा. आता पहिला टाका, पेडल सावकाश वर येऊ द्या. इंजिनचा आवाज जड झाला? थोडा अॅक्सिलरेटर. सोडा हॅन्डब्रेक! गाडी तसूभरही मागं न येता निघते. मागचे लोक एव्हाना हॉर्न वाजवून दमलेले असतात.

भोरच्या गॅरेजवाल्याला अण्णा डोळ्यांसमोर नको असतात. प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, चांगली मजुरी मिळते आणि हा माणूस येतो तो फक्त मिरवायला. सपाटीवर जीप उभी करायची, हॅन्डब्रेक ओढायचा, समोर कुणी नाही बघून वरचा गिअर टाकायचा आणि पेडल हळूहळू सोडायचं. इंजिन घुरघुरत राहिलं, तर प्लेट सरकायला लागली. गचका देऊन बंद पडलं, तर प्लेट ठणठणीत. अण्णांचं दर वेळी बंद पडतं. गाडी बंद पडली म्हणून चहा पाजणारा तालुक्यात हा एकच माणूस.

खरी परीक्षा पोराच्या लग्नात झाली. वरात नाचणाऱ्यांच्या चालीनं चालते. पहिल्या गिअरमध्येही जीप त्याहून जोरात जाते, म्हणजे सबंध गाव हाफ क्लचवर. भाड्याची गाडी आणा म्हटलं, तर जीप असताना भाडं कशाला? दुसऱ्याला चालवायला देणं तर बोलायलाच नको. शेवटी नवरा-नवरी मागं बसली, अण्णांनी स्टिअरिंग धरलं, गिअर न्यूट्रलला टाकला आणि नाचणाऱ्या पोरांना हाक दिली, "नाचताय कशाला नुसतं? ढकला!"

वेशीपासून देवळापर्यंत रस्ता चढाचा. डीजे वाजत होता, पोरं ढकलत होती आणि अण्णांचे दोन्ही पाय निवांत होते.

दुसऱ्या दिवशी निम्मी तालीम कमरेला हात लावून दारात उभी. अण्णांनी सगळ्यांना बाम दिला आणि समजूत घातली, "आरं, कंबर दोन दिसांत जाग्यावर येती. प्लेट येती का?"