सालाखाली बघा

आमच्या सोसायटीतल्या नाणेकाकांना सुट्टे परत देण्याची सोय नाही. रिक्षावाल्याने दिलेलं नाणं ते खिशात टाकत नाहीत. चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला आणि तोंडाने, "सालाखाली बघा! चौकट दिसते? मुंबईची टांकसाळ. चांदणी असती तर हैदराबाद, ठिपका असता तर नोएडा, काहीच नसतं तर कोलकाता."

"काका, मी बीडचा," असं म्हणून रिक्षावाला सुटका करून घेतो.

लग्नात हे गृहस्थ जेवणाच्या रांगेत सापडत नाहीत. अहेराच्या पाकिटांवर चिकटवलेले रुपये उलटेपालटे करून बघत असतात. एकदा मुलीच्या मामांनी त्यांचं मनगटच धरलं. काका शांतपणे म्हणाले, "सालाखाली बघा." मामांनी पाकिटाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं आणि शेवटी मॅनेजरला बोलावलं.

माझा भाचा १९८५ चा, एवढंच मी एकदा बोलून गेलो. काका उजळले. "पंच्याऐंशी? त्या साली रुपये इंग्लंडातूनही पाडून आणले होते. सालाखाली एच असेल!" भाचा सांगलीचा आहे. तरी त्यांनी त्याच्या हनुवटीखाली नजर टाकलीच.

सोसायटीच्या नोटिशीत ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर हे सेक्रेटरीला लाल पेनाने दुरुस्त करून पाठवतात. पण शिवराईवर 'शिव'च्या जागी 'सिव' निघालं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तेच अक्षर चुकलेला सेक्रेटरी अडाणी आणि नाणं म्हणजे वेगळा प्रकार! १९११ च्या रुपयाची कथा तर ते नेमकी जेवणावळीत काढतात. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्तीला हत्तीसारखी सोंड दिली. हे ऐकताना समोरच्याचा घास हातातच राहतो.

एकदा काकूंनी देवघरातल्या तांब्याच्या पळीबरोबर एक शिवराईही चिंचेने लखलखीत घासून ठेवली. काका दोन दिवस जेवले नाहीत. झिजलेलं नाणं चालतं, पण घासलेलं गेलंच म्हणून समजावं. त्याच्या अंगावरचा काळा थर हाच त्याचा दाखला. काकू म्हणाल्या, "माझ्या अंगावरच्या थराबद्दल कधी असं बोलला नाहीत."

फुकटचे तज्ज्ञ म्हटल्यावर दारात गर्दी असतेच. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, असा मोबाईलवरचा निरोप घेऊन जो तो येतो. काका निष्ठुर. "पाच रुपये. भाजीवाला घेईल." माणूस तोंड पाडून जातो. जाताना त्याला सालाखालीही बघावं लागतं.

म्हणून त्या दिवशी मी चक्रावलो. धुणंभांडी करणाऱ्या मावशी वीस पैशांचं पिवळं नाणं घेऊन आल्या होत्या. १९७० चं, कमळवालं. यात सोनं असतं, ही गावोगावची जुनी समजूत. सोनं त्यात गुंजभरही नाही. पण फोनवरच्या कुणी साहेबाने त्यांना दीड लाख कबूल केले होते. आधी फक्त दोन हजार नोंदणी शुल्क भरायचं होतं. असं शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलं होतं. पण रिझर्व्ह बँक मावशींच्या घरी फोन करत नाही, तो साहेब रोज करत होता.

काकांनी भिंग काढलं नाही. सालही बघितलं नाही. "चांगलं आहे," म्हणाले, "पाचशे देतो, मला हवंय." मावशींनी जरा घासाघीस केली आणि दिलं.

त्या गेल्यावर काकू आतून म्हणाल्या, "ह्या कमळांची बरणी भरलीय घरात!"

मी काकांकडे बघत राहिलो. म्हटलं, तुम्हीसुद्धा खोटं बोलता?

"खोटं कुठलं? आता तिच्याकडे विकायला नाणंच नाही, तर शुल्क कशाचं भरेल?" ते खेकसले. "तिचे दोन हजार जाणार होते, माझे पाचशे गेले. दीड हजारांचा फायदा. हिशेब येतो का तुला?"