समोरची बाई पत्ते टाकेल असे मानू

पोकर हा नशिबाचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांची मला कीव यायची. संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला माणूस मी. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांतल्या फक्त ६ जोड्या एक्क्यांच्या, म्हणजे हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ मध्ये एक, हे मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगत असे. त्याने विचारलेलं नसे.

मग डॅन हॅरिंग्टनचं पुस्तक हाती लागलं. हॅरिंग्टन म्हणजे १९९५ चा पोकरचा जगज्जेता. स्पर्धेत टेबलाच्या एका फेरीत ब्लाइंडपायी, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना आळीपाळीने लावाव्याच लागणाऱ्या लहान-मोठ्या पैजांपायी, जेवढे चिप्स जातात, त्याच्या किती पट आपल्यापुढे उरलेत ते मोजा, असं तो सांगतो. या आकड्याला नाव ‘एम’. तो पाचापर्यंत घसरला की डोकं लढवण्याचे दिवस संपले. एक तर पत्ते टाका, नाही तर मधले पत्ते उघडायच्या आधीच सगळा ढीग पुढे ढकला. डोकं न लढवण्याचा एवढा शास्त्रशुद्ध सल्ला मला आजवर कुणी दिला नव्हता.

ढकलणारा दोन वाटांनी जिंकतो. समोरचे घाबरून पत्ते टाकतात आणि ब्लाइंड फुकटात मिळतात. किंवा कुणी तेवढेच चिप्स लावून ‘कॉल’ करतोच, तरी पाच पत्ते उघडल्यावर आपली सरशी होऊ शकते. पहिल्या वाटेला ‘फोल्ड इक्विटी’ म्हणतात, आणि माझा जीव जडला तो तिच्यावर. दोघांतच डाव उरला असेल आणि पुढ्यात दहा मोठ्या ब्लाइंडएवढे चिप्स असतील, तर लहान ब्लाइंडवाल्याने शंभरांतल्या साधारण ५८ हातांवर सगळं ढकलावं असं गणित सांगतं. त्याचे तक्ते मिळतात. मी ते पाठ केले. परीक्षेतसुद्धा मी एवढं पाठ केलं नव्हतं, आणि तेव्हाही गृहीतकं सोडूनच केलं होतं.

परीक्षा द्यायला पणजी गाठली. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर गोव्याच्या रहिवाशांना जाता येत नाही. सरकारने ती बंदी २०२० मध्ये अमलात आणली. आपली माणसं सरकारने वाचवली. उरलो आपण.

बोटीवरच्या पोकर स्पर्धेत माझ्या डावीकडे कोल्हापूरच्या एक बाई होत्या. यजमानांना तीन पत्तीच्या टेबलावर सोडून त्या ‘हितं काय चाललंय’ ते बघायला बसल्या होत्या. ब्लाइंड ५०० आणि १,००० चे. बाईंकडे सगळे मिळून ३,००० उरलेले, त्यांतले १,००० मोठ्या ब्लाइंडपायी आधीच मध्ये. माझ्यापुढे १८,०००. बाकीच्यांनी पत्ते टाकले, लहान ब्लाइंडवर मी, आणि हातात वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री. पोकरमध्ये याहून बदनाम हात नाही. पण मी हाताकडे कुठे बघत होतो? मी बाईंकडे बघत होतो. “ऑल-इन,” मी म्हणालो, आणि ढीग असा सरकवला की दोन चिप्स त्यांच्या मांडीवर पडले.

त्यांनी ते उचलून दिले आणि कॉल केला. गुलाम-चौकी दाखवत म्हणाल्या, “भाऊ, आता हे एवढंसं राखून काय लोणचं घालू?”

मधल्या पाच पत्त्यांनी कुणालाच काही दिलं नाही. गुलाम जिंकला.

हे लोणच्याचं वाक्य म्हणजे पुस्तकातलं अख्खं प्रकरण आहे, हे मला बोटीच्या डेकवर वारा खाताना उमगलं. माझे १८,००० दिसायला होते. ३,००० वाल्याला धमकी ३,००० चीच बसते. बाईंना आणखी २,००० घालायचे होते, मध्ये माझे-त्यांचे मिळून ४,००० आधीच पडले होते. म्हणजे तीनदा खेळून एकदा जिंकल्या तरी फिटंफाट. अहो, कोणत्याही पत्त्यांसमोर सत्ती-दुर्रीसुद्धा शंभरांत ३४-३५ वेळा जिंकते! त्यांनी जवळजवळ डोळे मिटून कॉल करायला हवा होता, आणि तो त्यांनी केला. मी मात्र ६,००० साठी २,५०० जास्तीचे घातले होते. मला शंभरांत निदान ४२ वेळा जिंकायला हवं होतं. जिच्यावर जीव जडला होता ती फोल्ड इक्विटी त्या टेबलावर आलीच नव्हती.

यानंतर मी सावध झालो, म्हणजे चांगल्या हाताची वाट बघत ब्लाइंड भरत राहिलो. ते वाढून १,००० आणि २,००० झाले, माझ्याकडे ९,००० उरले. एम तीन. तेवढ्यात वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा आला. ढकललं. बाईंपुढे एव्हाना भिंत उभी राहिली होती; त्यांनी तिर्ऱ्यांची जोडी घेऊन कॉल केला. मी मनात हसलो. तिर्ऱ्या! पण लहानात लहान जोडीही अशा एक्का-राजापुढे केसभर पुढेच असते, शंभरांत ५२-५३. या खेपेलाही गणित बाईंच्याच बाजूचं होतं आणि पत्तेही. एक्का आला नाही, राजा आला नाही.

“तुमचे पत्ते दिसायला लई भारी होते,” बाई म्हणाल्या. त्यांना ‘एम’ म्हणजे काय ते मी उठता उठता समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचे पत्ते उचलले.

वाचकांपैकी कुणाला ढकलायचे तक्ते हवे असतील तर जरूर कळवावं. लॅमिनेट केलेले आहेत, टपालखर्च मी सोसेन.