पुढच्या चाकांचे अकाली वार्धक्य

हौसेची पिकअप म्हणजे कंपनीने माल वाहण्यासाठी बनवलेली आणि मालकाने माल वाहावा लागू नये म्हणून सुधारून घेतलेली गाडी. रिकामा हौदा हे तिचे पहिले लक्षण, पुढच्या सस्पेन्शनमधली खडखड हे दुसरे. पहिले शोरूमच्या दारापासूनच दिसते. दुसरे दिसण्यासाठी सुधारणांची सगळी बिले चुकती व्हावी लागतात.

लासलगावला कांदा किंवा वाशीला भाजी नेणारी पिकअप या वर्गात मोडत नाही. तिच्याही मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला असतो, पण तो रोजच्या ओझ्यासाठी. तिची झीज हा धंद्याचा खर्च असतो आणि तो भाड्यातून वसूल होतो. हौसेच्या पिकअपची झीज कशातूनही वसूल होत नाही, म्हणून तिचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतो. भारतात हा वर्ग 2016 मध्ये आलेल्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसने आणि 2022 मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सने वाढवला. दोन्ही गाड्या मुळातच दणकट: मागे पाटे, पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन. मुळात दणकट असलेली गाडी घेऊन ती दणकट करून घेणे, इथून विकाराची सुरुवात होते.

रचना

पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. आर्मचे आतले टोक चासीला रबरी बुशात बसते, बाहेरचे टोक चाकाकडे बॉल जॉइंटने जोडलेले असते. खालच्या आर्मवर स्प्रिंग आणि शॉकअप उभे असतात. टाय रॉड चाक वळवतो, बेअरिंग ते फिरू देते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर दोन्ही बाजूंना रबरी बूट घातलेल्या सांध्यांचे एक्सल येतात. गाडी उभी असताना चाकाला वर जायला आणि खाली यायलाही जागा राहावी, अशा बेताने कंपनीचे इंजिनिअर हे सगळे कोन ठरवतात. त्यासाठी ते बरीच वर्षे शिकतात. हे कोन बदलायला एक दुपार पुरते.

या सगळ्या जुळणीत किमतीने सर्वांत किरकोळ वस्तू म्हणजे बुशातले रबर. त्याचा फोटो कोणी काढत नाही, त्यावर कोणी स्टिकर लावत नाही. गाडीत पुढे जे जे बसवले जाते त्याचा भार मात्र शेवटी त्याच्याच खात्यावर पडतो.

पहिले कारण: उंची

गाडी उचलण्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. सर्वांत स्वस्त प्रकारात शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर नावाची जाड चकती बसवतात. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकावर नसून अलीकडे, मध्याच्या आसपास उभा असतो. त्यामुळे चकती एक इंचाची असली तरी गाडी साधारण दोन इंच उठते. एका इंचाच्या पैशांत दोन इंच मिळणे हा या व्यवहारातला शेवटचा फायदा.

गाडी उठली तरी चाके जमिनीवरच राहतात. त्यामुळे आर्म अर्धवट मिटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे खाली झुकतात. बॉल जॉइंट आपल्या चालीच्या कडेला जाऊन उभा राहतो. एक्सलच्या सांध्याचा कोन वाढतो. त्यावरचा बूट एका बाजूने कायम ताणलेला आणि दुसऱ्या बाजूने कायम चुरगळलेला राहतो आणि यथावकाश फाटतो. मग ग्रीस बाहेर जाते, धूळ आत येते. एखादे चाक खड्ड्यावर पूर्ण लोंबले, तर वरचा आर्म स्प्रिंगला टेकण्याचीही वेळ येते.

दुसऱ्या प्रकारात जास्त ताठ स्प्रिंग घालतात, किंवा आहे तीच जास्त दाबून बसवतात. शॉकअप मात्र जुनाच ठेवतात. त्याची दांडी मधल्या चालीवर असायची, ती आता जवळजवळ पूर्ण बाहेर निघून उभी राहते. स्पीडब्रेकर उतरताना चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि शॉकअप आतल्या आत ठोकर खातो. मालक याला ‘स्टिफ राइड’ म्हणतो आणि पाहुण्यांना मुद्दाम चक्कर मारून आणतो.

तिसऱ्या प्रकारात स्प्रिंग, शॉकअप आणि वरचे आर्म एकमेकांना जुळतील असे घेतात. हा प्रकार बरोबर आहे, म्हणून महाग आहे, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो पहिल्या प्रकारासारखाच दिसतो. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतली स्वस्त वस्तू निवडण्याइतका हिशेबीपणा हौशी माणसातही शिल्लक असतो.

उंची कशीही वाढवली तरी कॅम्बर, कॅस्टर आणि टो ही अलाइनमेंटची तिन्ही मापे हलतात. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुरते आणि हायवेवर गाडी भटकते. टो बिघडला की टायर कडेने खाल्ला जातो. लिफ्ट बसवली त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यायची असते. परंतु तो दिवस फोटोंचा असतो.

दुसरे कारण: टायर आणि रिम

33 इंची मड टेरेन टायर चिखलासाठी बनवलेला असतो. चिखल न मिळाल्यास तो डांबरावर घोंघावतो, आणि त्याच घोंघाटाखाली बेअरिंगची घरघर महिनोन्‌महिने लपून राहते. हा टायर मूळ टायरपेक्षा जड असतो आणि त्याचे वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला पडते. हौद्यातले वजन स्प्रिंग झेलते. चाकाचे वजन झेलायला मधे कोणी नसते. प्रत्येक खड्ड्यात ते वजन बॉल जॉइंट आणि बुश यांच्यावर थेट आदळते. शिवाय व्यास वाढल्यामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. गाडीवरच्या सगळ्या सामानात नम्रता आढळते ती एवढ्याच ठिकाणी.

टायर रुंद झाला की रिमही रुंद हवा, आणि रिम रुंद झाला की तो फेंडरच्या बाहेर डोकावायला हवा. त्यासाठी कमी ऑफसेटचा रिम घेतात किंवा चाकामागे स्पेसर घालतात. चाकाचा मध्य बेअरिंगपासून बाहेर सरकतो. भार तोच राहतो, तरफ मात्र लांब होते; जास्तीचा पीळ बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांच्यात वाटला जातो. बाहेर आलेले चाक पावसाळ्यात रस्त्यावरचा सगळा राडा स्वतःच्याच दारांवर उडवते. त्यामुळे घरापासून सोसायटीच्या गेटपर्यंत गेलेली गाडीही ताम्हिणीहून आल्यासारखी दिसते. हा लाभ झिजेच्या हिशेबात धरण्याची पद्धत नाही.

तिसरे कारण: लोखंड

पुढच्या बंपरच्या जागी जाड लोखंडी बंपर येतो, त्यावर विंच, विंचवर दिवे. विंच रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी असते. तिचा वापर झाल्याची नोंद क्वचितच सापडते, कारण रुतण्यासाठी आधी रस्ता सोडावा लागतो.

हे सामान पुढच्या अॅक्सलच्या वर नसते, त्याच्याही पुढे लटकलेले असते, आणि हिशेब इथे फिरतो. दोन अॅक्सलमधले अंतर 3 मीटर आणि 90 किलोचा बंपर-विंच संच पुढच्या अॅक्सलच्या 1 मीटर पुढे आहे असे धरले, तर पुढच्या चाकांवर 90 नव्हे तर 120 किलो वाढतात. मागची चाके 30 किलोने हलकी होतात. म्हणजे ज्या टोकाला ओझ्यासाठी पाटे दिले आहेत ते मोकळे होते आणि ज्या टोकाला आरामासाठी स्प्रिंग दिली आहे तिथे हमाली सुरू होते. नाक खाली जाते. नाक खाली गेलेले मालकाला खपत नाही, म्हणून आणखी एक स्पेसर येतो.

चौथे कारण: बसवणी

सर्वांत कमी माहिती असलेले आणि सर्वांत लवकर रबर फाडणारे कारण हेच. बुशातले रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला पक्के चिकटलेले असते. ते फिरत नाही, पिळले जाते. म्हणून आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यावर. गाडी रॅम्पवर, चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळून टाकले, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ कायम राहतो. अशी गाडी नुसती उभी असतानाही झिजत असते. खाली उतरवून बोल्ट आवळायला जास्तीची काही मिनिटे लागतात. तेवढ्यात गॅरेजमधल्या पोराचे दिव्यांचे वायरिंग जोडून होते, आणि मालक बाहेर उभा असतो तो दिव्यांसाठी.

वापर

हौसेच्या पिकअपचा वापर तीन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण मॉलचे पार्किंग. तिथे गाडी जागच्या जागी उभी ठेवून रुंद टायर कचाकच वळवले जातात आणि त्याचा ताण टाय रॉडच्या टोकांना बसतो. दुसरे ठिकाण भाऊंच्या वाढदिवसाची मिरवणूक: पहिल्या गिअरमध्ये चार तास, हौद्यात स्पीकरची भिंत आणि भिंतीवर कार्यकर्ते. हौद्यात खरोखर ओझे चढते ते याच दिवशी. तिसरे ठिकाण रविवारचा मुळशीकडचा रस्ता. तिथे कडेचा एखादा दगड निवडून त्यावर एक पुढचे चाक चढवतात, फोटो काढतात आणि चाक परत डांबरावर उतरवतात. ऑफ-रोडिंगचा हा संपूर्ण अभ्यासक्रम होय.

या तिन्ही ठिकाणांना जोडणारे स्पीडब्रेकर हे चौथे ठिकाण मानावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे ताशी 25 किलोमीटर वेगासाठीचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, हळू चढत उतरणारा असावा. गल्लीतला स्पीडब्रेकर नियमाच्या नव्हे तर शिल्लक डांबराच्या मापाने होतो. मूळ गाडी तो निमूट ओलांडते. उचललेली गाडी तो बाहेरच्या सर्वांना ऐकू जाईल असा ओलांडते.

लक्षणे व निदान

कमी वेगात खड्ड्यावर टकटक झाली तर बॉल जॉइंट किंवा स्टॅबिलायझर लिंक पाहावी. स्पीडब्रेकरवर करकर ऐकू आली तर बुश. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बेअरिंगची. पूर्ण वळवताना कटकट होत असेल आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर एक्सलचा सांधा. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवला तर बहुधा टाय रॉड. या तपासणीला एक जॅक, दोन हात आणि पाच मिनिटे लागतात.

मालकाचे निदान याहून जलद असते: रस्ते खराब आहेत. त्याच रस्त्याने, त्याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी शेजारी रोज नेतो आणि त्याच्या गाडीतून आवाज येत नाही. हा पुरावा निर्णायक असला तरी शेजाऱ्याला ‘गाडीतले काही कळत नाही’ या कारणाने तो फेटाळला जातो. दुसरे निदान कंपनीचा माल हलका असल्याचे. कंपनी वॉरंटी नाकारते तेव्हा हे निदान पक्के होते.

उपाय

शास्त्रीय उपाय चार. पुढच्या वजनाला मोजून स्प्रिंग घेणे. उंची माफक ठेवणे आणि लागेल तिथे वरचे आर्म बदलणे व पुढचे डिफरेन्शियल खाली घेऊन एक्सलचा कोन सुधारणे. मूळ ऑफसेटच्या जवळचा रिम वापरणे. भार चाकांवर असताना बोल्ट आवळून लगेच अलाइनमेंट करणे. पाचवा उपाय, म्हणजे बंपर काढून ठेवणे, फुकट असल्यामुळे कोणी सुचवत नाही.

प्रचलित उपाय एकच. झिजलेल्या बॉल जॉइंटच्या जागी नवा बॉल जॉइंट, आणि गाडी रॅम्पवर आलीच आहे तर अर्धा इंच आणखी.

कायदा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवले होते. अमेरिकेत पुढून उचललेल्या आणि मागून बसवलेल्या पिकअपची टूम एवढी फोफावली की नॉर्थ कॅरोलायनाला 2021 मध्ये पुढच्या-मागच्या फेंडरच्या उंचीतला फरक चार इंचांच्या आत ठेवण्याचा कायदा करावा लागला. आपल्याकडे वेगळी पट्टी लागत नाही. कलम 52 सगळ्या इंचांना पुरून उरते. प्रत्येक बदलामागे दंड मोजायचा तर आधी प्रत्येक बदल मोजावा लागेल, आणि मोजणाऱ्याला बहुतेक वेळा काचेवरचा पदाचा स्टिकर आधी दिसतो.

पुनर्विक्री

खडखड संगीतापेक्षा मोठी झाली की गाडी विकायला निघते. जाहिरातीत सुधारणांची यादी किमतींसह असते. बदललेल्या बॉल जॉइंटची यादी नसते. ‘सस्पेन्शन टकाटक’ हा मजकूर ग्राहकाने जॅक लावून तपासावा. ‘ऑफ-रोड कधीच नेलेली नाही’ या मजकुराला तपासणीची गरज नाही. तो शब्दशः खरा असतो.