बंद पडलेल्या अवर मीटरास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. अवर मीटर,
मुक्काम इंजिन पॅनेल, उजवीकडून दुसरे भोक,
आमची बोट, करंजा बंदर, ता. उरण, जि. रायगड

विषय : जागेवर हजर राहूनही काम न केल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण 2347.6 या आकड्यावर येऊन थांबला आहात. रजेचा अर्ज नाही, वैद्यकीय दाखला नाही. इंजिन चालू, जाळी पाण्यात, खलाशी घामाघूम, बर्फ वितळतोय आणि आपण काचेआड निवांत. कचेरीत हे खपून गेलं असतं, बोटीवर खपत नाही, असं लिहिणार होतो. पण खपलं. अख्खा हंगाम खपलं. कोणाचं काडीचंही अडलं नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

माझी ओळख द्यायला हवी. मी विचुंबेकर. गाढी नदीच्या काठी, जिथे भाताची खाचरं होती तिथे उठलेल्या इमारतींपैकी एकीत राहतो. बोट मेव्हण्याची, माझा तिच्यात चार आण्यांचा वाटा आणि हिशेबाची वही माझ्या कपाटात. नाखवा समुद्रावर आणि हिशेबनीस विचुंब्यात, म्हणजे मला समुद्रातलं जे कळायचं ते आपल्याकडूनच. तेव्हा आपण बंद का पडलात हे मी मेव्हण्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "भावजी, मीटर बंद हाय, इंजिन चालू हाय. उलटं असतं तर बोंब मारली असती."

ह्या युक्तिवादाला उत्तर देणं सोपं नाही.

तरी प्रयत्न करतो. ट्रकचं वय किलोमीटरवर मोजतात, कारण ट्रक पळतो. बोटीचं तसं नाही. जाळं ओढताना इंजिन गुरगुरत असतं आणि बोट जागच्या जागी. ओहोटीच्या ओढीविरुद्ध खाडीत शिरताना घाम निघतो आणि किनारा तिथल्या तिथे. म्हणून बोटीच्या इंजिनाचं वय तासांत, आणि ते तास मोजायला आपण. इतके तास झाले की तेल बदला, इतके झाले की डिझेल फिल्टर, इतके झाले की टॅपेट. समजा, तेलाची मुदत अडीचशे तासांची आहे. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या होडीला ती दीड-दोन महिने पुरेल. दहा दिवस बाहेर राहून इंजिन रात्रंदिवस चालवणाऱ्या ट्रॉलरची ती एका फेरीत जवळजवळ संपलीच. "महिना झाला की तेल बदलू" हा जो आपल्या बंदरांवरचा नियम आहे, तो दोघांनाही चुकीचा.

पण महोदय, आपल्या निद्रेत किती जणांचं कल्याण झालं पाहा. तेल बदलायची वेळ कधी आलीच नाही, म्हणून नाखवा खूश. वही लिहायची नाही, म्हणून इंजिन ड्रायव्हर खूश. उद्या इंजिन विकायला काढलं तर दलाल छातीठोकपणे सांगणार, "साहेब, जेमतेम चाललेलं आहे, मीटर बघा." आपल्याला मागे फिरवता येत नाही, रिसेटचं बटणच कारखान्याने ठेवलेलं नाही. म्हणून तर लोकांचा आपल्यावर एवढा विश्वास. मागे फिरवता येत नाही हे खरं, पण थांबवता येतं, आणि त्याला कौशल्यही लागत नाही. दुरुस्त न करणं पुरतं.

आमच्या सोसायटीच्या जनरेटरवर आपले चुलतबंधू बसलेले आहेत. पावसाळ्यात वीज गेली की ते हलतात, आणि त्यांच्या प्रत्येक आकड्यावर मासिक सभेत तासभर भांडण होतं. लिफ्ट किती चालली, डिझेल किती जळलं, सचिवांच्या मजल्यावर दिवे का लागले. तिथे मीटर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी नवा येईल. पैसा वर्गणीचा असला की मोजायला शंभर डोळे असतात. बोटीवर नुकसान सावकाश होतं, बेअरिंगमध्ये होतं, आणि बेअरिंगला सभेत बसायचा अधिकार नाही.

एक शंका आधीच निकालात काढतो. आपण नव्हतात तेव्हाही दर्यावर्दी वेळ चुकत नव्हता. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने पनवेलला उतरून पुढे घाट चढे. आणि खाडीत पाणी चढल्याशिवाय मचवा आत येत नसे. करंज्याला जुनी माणसं अजून तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात : अष्टमी असेल तर सहा वाजता, बस. ह्या मीटरला ना वायर, ना फ्यूज. पण तो चंद्राचं मोजतो, पिस्टनचं नाही. तेल कधी बदलायचं ते अष्टमी सांगत नाही.

आता चौकशीचा वृत्तांत. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी. बोट वर ओढून शाकारलेली. आपली तपासणी एरवी साधी असते. इंजिन चालू करायचं आणि आपल्या मागच्या दोन पिनांवर व्होल्ट मोजायचे. व्होल्ट येतात आणि आकडा हलत नाही, तर दोष आपला. येतच नाहीत, तर मागे मागे जायचं : फ्यूज, किल्ली, स्विच, अर्थिंग. पण बोट कोरड्यावर असताना इंजिन चालवलं, तर समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा जळतो. म्हणून बॅटरीतून दोन वायरी थेट आपल्याला लावल्या. आपलं शेवटचं चाक तासाच्या दहाव्या हिश्शाचं, म्हणजे सहा मिनिटांत एक घर सरकायला हवं. वायरमन, मेव्हणा आणि मी काचेत टक लावून उभे. सहा मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. आपण ढिम्म. काचेच्या आत खारं पाणी शिरून पांढरा थर साचला होता. निदान झालं : मृत्यू, खाऱ्या पाण्यामुळे.

प्रकरण इथेच मिटत होतं. पण नवा मीटर बसवण्याआधी वायरमनने जुनी वायर शेवटपर्यंत हाताने चाचपली, आणि खरी गंमत बाहेर आली. ऑइल प्रेशरचे स्विच दोन जातीचे असतात. अवर मीटरला लागतो तो तेलाचा दाब आल्यावर जोडणारा. लाल दिव्याला असतो तो दाब नसताना जोडणारा. पूर्वीच्या कोणा मेकॅनिकने आपल्याला लाल दिव्याच्या स्विचवर टांगलं होतं. लाल दिवा तर कटकट नको म्हणून केव्हाच उपटून टाकलेला.

अर्थ असा, की इंजिन चालू झालं की आपण थांबत होतात, आणि इंजिन बंद करून किल्ली तशीच ठेवली की मोजत होतात. रात्री जाळी सोडून बोट वाहत राहते, जीपीएस, वायरलेस आणि गाणी चालू असतात, तांडेल जागा आणि बाकी आडवे, तेव्हाचे हे 2347.6 तास. इतकी वर्षं मी वहीत निष्ठेने उतरवत होतो तो आकडा इंजिनाच्या कामाचा नव्हता, त्याच्या विश्रांतीचा होता. तेल आम्ही झोपेच्या हिशेबाने बदलत होतो.

सबब आदेश असा. आपल्यावरील कामचुकारपणाचा आरोप मागे घेण्यात येत आहे. आपल्याला जे मोजायला लावलं ते आपण चोख मोजलंत. आपल्या जागी नवा मीटर दाब आल्यावर जोडणाऱ्या स्विचवर बसवला आहे. गेल्या वर्षांचे तास काढायला मच्छीमार संस्थेच्या पंपावरच्या डिझेलच्या पावत्या आहेत. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी त्या जपाव्याच लागतात. एकूण लिटरला ताशी खपाने भागलं की अंदाज निघतो, आणि तो मी इंजिनाच्या कव्हरवर तारखेसह तेलरंगात लिहून घेतला आहे. मेव्हण्याचं म्हणणं, आता इंजिन विकलं जाणार नाही. न विकलं जावो.

आणि जुनं इंजिन बघायला बंदरावर येणाऱ्यांना एक विनंती. मीटरचा आकडा वाचण्याआधी किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका आणि सहा मिनिटं थांबा. शेवटचं चाक सरकलं, तर तो आकडा फक्त इंजिनाच्या कामाचा नाही. भाव पाडून मागा.

आपला,
चार आण्यांचा भागीदार व हिशेबनीस,
विचुंबे, ता. पनवेल