एक सुचवू का?

मुंबईत जिथे जॅझ वाजतं, तिथे एक सूचनाकाका असतातच. वय सांगत नाहीत. पण 1978च्या पहिल्या जॅझ यात्रेत सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सला समोर बसून ऐकलं म्हणतात, त्यावरून ज्याने त्याने हिशेब करावा. वाजवतात ट्रॉम्बोन. म्हणजे रात्रभरात ओठांना काम बेताचं आणि कानांना भरपूर.

नवख्या पोराचा सोलो संपला की काका ग्लास घेऊन त्याच्याकडे सरकतात. ‘वाईट वाटून घेऊ नकोस हं, पण एक सुचवू का?’

सूचना लगेच येत नाही. आधी कौतुक, आणि तेही वाजवण्याचं नव्हे. शर्ट झकास आहे. सॅक्सोफोन चकचकीत ठेवलायस. रीड कितीची, अडीच नंबर? वा! मग इतिहास. कॅन्सस सिटीत कोवळा चार्ली पार्कर चुकला तेव्हा ड्रमर जो जोन्सने म्हणे त्याच्या पायाशी सिम्बल फेकली. पोरगं जिद्दीला पेटलं आणि पुढे ‘बर्ड’ म्हणून सॅक्सोफोनवर गाजलं. ‘मी तर नुसतं बोलतोय,’ असं म्हणत काका ड्रम सेटकडे नजर टाकतात. पोरगा दोन पावलं मागे सरकतो.

सांगायचं असतं एवढंच: ‘सो व्हॉट’ या धुनेत सोळा बार झाले की पुढचे आठ अर्धा सूर वर चढून वाजवायचे, मग पुन्हा खाली. हा दोन बार उशिरा चढला आणि चढल्यावर उतरेना. काकांनी ते तिथल्या तिथे टिपलेलं असतं. ट्रॉम्बोनच्या आडून त्यांचा एक डोळा बारीक होतो. कान सोन्याचा, पण जीभ चर्चगेटहून मरीन लाइन्सला व्हाया विरार जाते. मुद्दा बोरिवलीला पोचेस्तोवर पुढचं गाणं लागतं. पोरगा शर्टाबद्दल आभार मानून पळतो, पुढच्या खेपेला तोच शर्ट घालून येतो आणि तिथेच चुकतो.

काकांना कुणी सुचवलेलं चालतं का? न चालायला काय झालं! ‘काका, बॅलडमध्ये स्लाइड जरा लांब गेली का?’

‘मुद्दाम,’ काका म्हणतात.

तरी नवख्यांनो, काकांना टाळू नका. शर्टाचं कौतुक सुरू झालं की बेधडक मध्ये तोडा आणि विचारा, ‘काका, नेमकं कुठे चुकलं?’ उत्तर चार शब्दांत मिळतं, आणि ते हमखास बरोबर असतं.